मराठी मजकुरासाठी 'मुक्ता' फॉन्ट: सूची, फलक आणि छपाईतील वापर

परळची वाचक

आमच्या परळमधील वाचनालयाची ग्रंथसूची, कपाटांवरील विषयपट्ट्या, सभासदपत्रे आणि वार्षिक अहवाल हे सारे एकाच अक्षरवळणात असावे असे कार्यकारी मंडळाने ठरवले असून, त्यासाठी फॉन्ट निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझी निवड 'मुक्ता' ही आहे. ती कशामुळे झाली हे मांडून जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

मुक्ता हा मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने तयार केलेला फॉन्ट आहे. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी तो रेखला असून सुरुवातीला तो 'एक मुक्ता' या नावाने उपलब्ध झाला होता. त्याची रेघ सर्वत्र जवळपास सारख्या जाडीची आहे. बोरूच्या तिरक्या कटामुळे येणारा जाड-बारीक फरक त्यात नाही, तरीही हाताने लिहिलेल्या अक्षराचा ओघ त्यातून नाहीसा झालेला नाही. कंपासने काढल्यासारखी गोल अक्षरे असलेले काही फॉन्ट शीर्षकात फार देखणे दिसतात, परंतु पुस्तकाच्या पाठीवरील आठ-नऊ पॉइंटच्या चिठ्ठीवर त्यांतील 'व', 'ब' आणि 'क' एकमेकांत मिसळू लागतात. मुक्ताच्या अक्षरांची पोटे मोकळी असल्यामुळे तसे होत नाही, आणि आमच्याकडील ज्येष्ठ सभासदांच्या दृष्टीने हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याची अतिसूक्ष्म ते अतिठळक अशी सात वजने, म्हणजे रेघेच्या जाडीच्या पायऱ्या, आहेत. सूचीतील एका नोंदीत ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि दाखलांक इतकी माहिती दाटीने बसवायची असते. तेथे ग्रंथनाम अर्धठळक, लेखक नियमित आणि बाकीचा तपशील हलक्या वजनात ठेवला, की रेघा किंवा चौकटी न आखताही नजर योग्य जागी जाते. मुक्तामध्ये तिरपे वळण नाही आणि त्याची उणीव मला भासलेली नाही. देवनागरीत ठळकपणाने जे साधते ते अक्षर तिरपे करून साधत नाही, आणि बटण दाबून फॉन्ट तिरपा केला की काना आणि दंड कलंडल्यासारखे दिसतात.

दुसरे कारण आमच्या शहराचे आहे. आमच्या वाचनालयात गुजराती ग्रंथांचेही एक कपाट आहे. या कुटुंबात गुजरातीसाठी मुक्ता वाणी, तमिळसाठी मुक्ता मलार आणि गुरुमुखीसाठी मुक्ता माही असे फॉन्ट आहेत, आणि रोमन अक्षरे तर सर्वांत आहेत. घाटकोपर, माटुंगा आणि गुरू तेगबहादूर नगर डोळ्यांसमोर आणले, तर या लिपी एकाच फलकावर शेजारी शेजारी याव्या लागणे ही मुंबईत रोजची गोष्ट आहे. एकाच हाताने आखलेल्या लिपी शेजारी ठेवल्या, की एक भाषा यजमान आणि दुसरी पाहुणी असे वाटत नाही.

तिसरे कारण परवान्याचे आहे. मंडळ दर काही वर्षांनी बदलते, काम स्वयंसेवक आपापल्या घरच्या संगणकावर करतात आणि छपाई कधी एका मुद्रणालयात, तर कधी दुसऱ्या मुद्रणालयात होते. या सर्वांना तीच फाइल कायदेशीरपणे देता येणे ही आमच्यासारख्या संस्थेची खरी गरज आहे, आणि मुक्ताचा मुक्त परवाना ती भागवतो.

मराठी वळणाचे 'ल' आणि 'श', 'ऱ्य'सारखी जोडाक्षरे, तसेच मोठ्या फलकावरील वापर याविषयी ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

गिरगावचा जुळारी

ताई, निवड उत्तम आहे. परंतु फॉन्ट बदलण्यापूर्वी तुमचा जुना मजकूर कोणत्या स्वरूपात आहे, ते तपासून घ्या.

१९९०च्या दशकात श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींनी मराठी छपाई संगणकावर आणली आणि त्या काळात दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता. त्या पद्धतीत देवनागरी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेले असे. त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसेल, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. वाचनालयांचे, गणेशोत्सव मंडळांचे, गृहनिर्माण संस्थांचे जुने अहवाल आजही अशाच फाइलींमध्ये पडून आहेत. त्यांना मुक्ता लावून काहीही उपयोग होणार नाही. आधी परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणावा लागेल, नंतर त्याचे मुद्रितशोधन करावे लागेल आणि मगच फॉन्टचा विचार करता येईल. परिवर्तनात सर्वाधिक चुका रफार, 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि कमी वापरातील जोडाक्षरांत होतात. मुद्रितशोधकाला तेवढी ठिकाणे आधीच सांगून ठेवली, तर त्याचे काम पुष्कळ हलके होते.

मुद्रणालयाला काम देताना आणखी एक गोष्ट लेखी सांगा. इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जुळवताना परिच्छेदाला ॲडोबीचा वर्ल्ड-रेडी कंपोझर हा जुळणीचा पर्याय लावलेला असला पाहिजे. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. पुष्कळदा हे पाहूनच यूनिकोड फॉन्ट छपाईला चालत नाहीत असा समज करून घेतला जातो, मात्र फॉन्टचा त्यात काही दोष नसतो. लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये ही अडचण येत नाही, कारण जोडाक्षरे घडवण्याचे काम तेथे हार्फबझ हे मुक्त इंजिन करते.

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले ते याच मुंबईत, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे पुढे देशभर नावाजले गेले तेही येथूनच. उत्तम मराठी अक्षर घडवण्याचे काम या शहराने पूर्वीही केले आहे. आज तेच काम येथे होते आणि ते कोणालाही विनामूल्य घेता येते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पवईचा विकासक

'ल' आणि 'श' यांविषयी लिहितो.

राज्य शासनाने २०२२ सालच्या नोव्हेंबरमध्ये वर्णमालेविषयीच्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची वळणे पुन्हा स्पष्ट केली आहेत. यूनिकोडमध्ये मात्र हिंदीचा 'ल' आणि मराठीचा 'ल' यांना एकच संकेत आहे, आणि ते योग्यही आहे, कारण अक्षर एकच असून केवळ त्याचे वळण वेगळे आहे. कोणते वळण दाखवायचे ते फॉन्टच्या पोटातील स्थानिक रूपांची सोय ठरवते आणि त्यासाठी मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे संगणकाला कळावे लागते. म्हणून संकेतस्थळावर पानाची भाषा मराठी असल्याची नोंद करावी, लिब्रेऑफिसमध्ये आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी निवडावी. ही नोंद केलेली नसेल, तर ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे आहेत तोही आपले मूळ वळणच दाखवील. कोणताही फॉन्ट ठरवण्यापूर्वी 'शाळा', 'लेखन', 'कुशल' हे शब्द भाषा मराठी आणि भाषा हिंदी अशा दोन्ही प्रकारे लावून शेजारी ठेवून पाहा. जी फाइल प्रत्यक्ष वापरणार आहात तिच्यावरच हे तपासा, कारण आवृत्तीनुसार फरक पडू शकतो.

आता सूचीचा प्रश्न. यात फॉन्टपेक्षा टंकनाचा भाग मोठा आहे, तरीही तो येथेच सांगतो, कारण फॉन्ट जितका चांगला तितका हा दोष अधिक लपतो. 'कऱ्हाड' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला 'ऱ' आणि पायमोडीचे चिन्ह वापरतात, तर दुसऱ्यात साधा 'र', पायमोडी आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. मुक्तासारखा चांगला फॉन्ट दोन्हींचे रूप एकसारखे दाखवतो, परंतु शोधयंत्राच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे शब्द असतात. 'ॲ'चेही तसेच आहे. हे अक्षर यूनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली आले. त्यापूर्वीच्या आणि पुष्कळशा त्यानंतरच्याही मजकुरात 'अ' टंकून त्यावर चंद्र दिलेला आढळतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण वाचकाने ग्रंथनाम शोधले की नोंद सापडत नाही. म्हणून सूची भरण्यापूर्वी यांतील एक पद्धत ठरवा आणि जुन्या नोंदी त्याच पद्धतीत बदलून घ्या.

संकेतस्थळासाठी ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून कमी ठेवू नका. रोमन मजकुरासाठी आखलेल्या साच्यांत ते बहुधा कमी असते. मग 'सर्वांगीण'मधील रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीतील उकाराला जाऊन भिडतात.

नियमावली

परवान्याविषयी समाजमाध्यमांवर अर्धवट माहिती फिरते, म्हणून नेमके लिहीत आहे. मुक्ता हा एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, आवृत्ती १.१, याखाली दिलेला आहे. ही आवृत्ती २००७ सालची आहे. तिच्यानुसार फॉन्ट वापरता येतो, अभ्यासता येतो, बदलता येतो आणि पुढे वाटता येतो. व्यावसायिक कामासाठी वेगळी परवानगी लागत नाही. फलक, पुस्तक, वेष्टन, बोधचिन्ह, चित्रपटाची श्रेयनामावली यांपैकी काहीही त्यात करता येते, आणि त्या कामावर हा परवाना लागू होत नाही. तुमचा अहवाल तुमचाच राहतो.

बंधने थोडी आहेत, पण ती खरी आहेत. नुसता फॉन्ट विकता येत नाही, मात्र एखाद्या सॉफ्टवेअरसोबत तो देता येतो. वाटताना परवान्याचा मजकूर आणि स्वामित्वाची नोंद सोबत ठेवावी लागते. त्यात बदल करून नवा फॉन्ट केला, तर तोही याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि मूळ रचनाकारांनी नाव राखून ठेवले असेल तर नवे नाव द्यावे लागते. श्रेय छापणे बंधनकारक नाही. तरीही पुस्तकाच्या श्रेयपानावर मुद्रक आणि मुखपृष्ठकार यांच्या शेजारी फॉन्टचे आणि त्याच्या रचनाकारांचे नाव द्यावे, असे मला मनापासून वाटते.

भांडुपचा फलककार

मी दुकानांचे आणि कार्यालयांचे फलक करतो. २०२२ साली दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना मराठी फलकांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हापासून या प्रश्नाचा रोज विचार करावा लागतो. कायद्यानुसार फलकावर मराठी मजकूर आधी यायला हवा आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान नसावा.

आता आकार मोजायचा कसा? संगणकावर दोन्ही ओळींना एकच पॉइंट आकार दिला तरी रोमन मोठी अक्षरे बहुतेक फॉन्टमध्ये उंच दिसतात, कारण देवनागरीच्या उंचीचा बराच भाग शिरोरेषेच्या वरच्या मात्रांसाठी आणि अक्षराच्या खालच्या उकारांसाठी राखलेला असतो. 'कमल' या शब्दात वर-खाली काहीच नाही, त्यामुळे तो शब्द समोरच्या रोमन नावापेक्षा बुटका दिसतो. मी शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची घेतो आणि ती रोमन मोठ्या अक्षराच्या उंचीइतकी किंवा त्याहून अधिक ठेवतो. त्यामुळे कायद्याचा शब्दही पाळला जातो आणि त्याचा हेतूही. दोन्ही लिपी मुक्तामधूनच घेतल्या, तर रेघांची जाडी मुळातच जुळलेली असते. मराठीचा आकार वाढवला की तिची रेघही जाड होते. तेव्हा रोमनला एक पायरी वरचे वजन द्यावे, म्हणजे दोन्ही पुन्हा सारख्याच ठळक दिसतात.

दुसरी बाब वजनाची. ग्राहक नेहमी सर्वांत ठळक अक्षर मागतो. ॲक्रिलिकची अक्षरे कापून त्यांच्यामागे दिवे लावायचे असतील, तर अतिठळक वजन घेऊ नये. प्रकाश कडेबाहेर पसरतो आणि 'भ', 'ध', 'क्ष' यांच्या गाठी भरून जातात. समोरच्या फुटपाथवरून नाव वाचता येत नाही. अशा फलकासाठी मध्यम किंवा अर्धठळक वजन योग्य ठरते. दिवे नसलेल्या, रंगवलेल्या पत्र्यासाठी ठळक वजन चालते. कापणीच्या यंत्रासाठी शिरोरेषा संपूर्ण शब्दावर अखंड असणे सोयीचे असते, कारण शब्द एकसंध निघतो आणि भिंतीवर बसवताना अक्षरे वाकडी होत नाहीत. फाइल यंत्राकडे पाठवण्यापूर्वी अक्षरांची बाह्यरेषा करून एकमेकांवर आलेले भाग जोडून घ्यावेत, अन्यथा शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर यंत्र चीर पाडते.

गाळा अरुंद असेल, तर मुक्ता बाजूने दाबून बसवू नका. दाबल्याने उभे दंड बारीक होतात आणि शिरोरेषा जाड राहते. त्याच गटाचा 'अनेक' हा २०२२ सालचा फॉन्ट अशा जागी वापरावा. त्यात वजनाप्रमाणे रुंदीही कमीजास्त करता येते आणि रेघांचे प्रमाण बिघडत नाही.

मुलुंडचा मुद्रितशोधक

वरील सर्व उपयुक्त आहे, तथापि एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. ताईंनी वार्षिक अहवालही मुक्तामध्येच करण्याचे योजले आहे. ताळेबंद, याद्या आणि सूचना यांसाठी ते ठीक आहे. पण अहवालात वाचनालयाचा इतिहास, व्याख्यानांचे वृत्तान्त, श्रद्धांजलीपर लेख असा दीर्घ मजकूरही असतो. सलग वीस-पंचवीस पाने वाचताना जाड-बारीक रेघेचे पारंपरिक वळण डोळ्यांना अधिक सोबत देते, असा माझा मुद्रितशोधनातील अनुभव आहे. बारीक-जाड फरकामुळे प्रत्येक अक्षराची ठेवण वेगळी उठून दिसते, तर सारख्या जाडीच्या रेघेत पान दुरून सुबक दिसले तरी ओळीवरून नजर लवकर घसरते.

अशा मजकुरासाठी त्याच मुक्त परवान्याखाली 'तिरो देवनागरी मराठी' उपलब्ध आहे. तिरोच्या रचनाकारांनी हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी तीन स्वतंत्र फॉन्ट दिले आहेत. त्यामुळे भाषेची नोंद करायची राहिली तरी 'ल' आणि 'श' मराठी वळणाचेच येतात. संस्कृत अवतरणे पुष्कळ असतील, तर आयआयटी मुंबईतून आलेला 'शोभिका' पाहावा. त्यात दुर्मीळ जोडाक्षरांची मोठी सोय आहे. शीर्षके, कोष्टके आणि तळटिपा मुक्तामध्ये आणि मुख्य मजकूर यांपैकी एकात, अशी विभागणी मी सुचवीन.

कोणत्याही फॉन्टची परीक्षा पाहण्यासाठी मी पुढील शब्द छापून घेतो: आचाऱ्यांना, आचार्यांना, ऱ्हस्व, वाङ्मय, उद्घाटन, चिठ्ठी, हृदय, आह्वान, चिन्ह, शृंगार, तीर्थरूप, कर्तृत्व, ॲल्युमिनियम, ऑगस्ट, बाळंतपण. स्वयंपाक करणारे आचारी आणि विद्वान आचार्य यांच्यातील भेद ज्या फॉन्टमध्ये दिसत नाही, तो मराठीसाठी घेऊ नये. मुक्ताने ही परीक्षा व्यवस्थित दिली आहे.

परळची वाचक

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले, याबद्दल मनःपूर्वक आभार.

मुद्रितशोधक महोदयांचा मुद्दा मी मंडळापुढे ठेवीन. दीर्घ लेखांसाठी तिरो घेण्यास माझी हरकत नाही. मात्र सभासदांना मोबाइलवर पाठवल्या जाणाऱ्या प्रतीत तेच लेख मुक्तामध्ये असावेत असे मला वाटते, कारण छोट्या पडद्यावर बारीक रेघा फिक्या पडतात आणि आमचे बरेच सभासद अहवाल लोकलच्या प्रवासातच वाचतात. मजकूर यूनिकोडमध्ये असला, की दोन प्रतींसाठी दोनदा अक्षरजुळणी करावी लागत नाही.

सूचीतील दुहेरी टंकनाचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता. आमच्याकडे 'गोऱ्हे', 'कुऱ्हाड', 'दऱ्या' असे शब्द असलेल्या नोंदी पुष्कळ आहेत. नुक्ता असलेल्या 'ऱ'ची पद्धत ठरवून जुन्या नोंदी बदलण्याचे काम फलकांच्या आधी हाती घेऊ.

एक प्रश्न उरतो. आमचे काही दृष्टिहीन सभासद पीडीएफ अहवाल वाचक-सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ऐकतात. फॉन्ट बदलल्याने त्यांना काही अडचण येईल का?

पवईचा विकासक

येऊ शकते, आणि ती मुक्तामध्येच नव्हे, तर कोणत्याही देवनागरी फॉन्टमध्ये येऊ शकते. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृती ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने ठेवलेल्या असतात. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण उच्चारली जाते नंतर, आणि रफार दिसतो नंतर, पण उच्चारला जातो आधी. फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने मूळ मजकुराची सांगड नीट घातली नसेल, तर वाचक-सॉफ्टवेअर शब्द मोडून वाचते.

तपासणी सोपी आहे. तयार पीडीएफमधून 'स्थितीविषयी' आणि 'वार्षिक' हे शब्द असलेली ओळ उचलून साध्या मजकुराच्या खिडकीत चिकटवा. वेलांटी आणि रफार जागेवर आले तर फाइल चांगली आहे. नसतील तर टॅग केलेली, म्हणजे मजकुराची रचना आत नोंदवलेली, पीडीएफ पुन्हा निर्यात करून पाहा. तरीही जमले नाही, तर त्या सभासदांना अहवाल वेबपानाच्या किंवा ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात द्या. तेथे मजकूर मूळ क्रमातच राहतो, आणि मुक्ताची फाइल परवान्यानुसार ईपबमध्ये अंतर्भूत करून देता येते.